बोटभर बाजूला

नोरीनची अट एकच होती. घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही. "मग तू गॅरेजमध्ये गाडी बांध नाहीतर रणगाडा बांध, मला काही देणंघेणं नाही," असं तिनं भांडी विसळता विसळता सांगून टाकलं. वेंडेलनं अट मान्य केली, स्वतःची बोट आणि शिकारीची बंदूक विकली, आणि टाफ्ट गावाच्या पलीकडे एका शेतात झाडाखाली सडत पडलेली एकतीस सालची फोर्ड दोरखंडानं बांधून घरी आणली.

कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलमध्ये अशा गाडीची हॉट रॉड करतात. बॉडी जुनीच, पण जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी केलेली, आणि पुढं दुप्पट ताकदीचं इंजिन. कुणी ती तयार विकत घेतली तर लोक तोंडावर छान म्हणतात आणि पाठ वळली की हसतात. ती आपल्या गॅरेजमध्ये, आपल्या हातानं, भंगारातून उभी करायची असते. निदान चासी तरी, कारण चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, बाकीचं सगळं तिच्या जिवावर. वेंडेलच्या फोर्डची मूळ चासी इतकी गंजली होती की पेचकस आरपार जात होता. शेजारचा व्हर्जिल ती बघून म्हणाला, "अरे, ही चासी कुठली, ही तर जाळी आहे. हिच्यावर मासे भाज."

तेव्हा नवीच चासी करायची ठरली. वेंडेल तेलविहिरींच्या पंपांवर देखभालीचं काम करायचा, त्यामुळे भंगारवाले ओळखीचे होते. त्यांच्याकडून त्यानं दोन लांबलचक चौकोनी पाइप निवडून आणले, डोळा लावून, एकही बाक नसलेले. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती होती. अशा फरशीवर चासी बांधली तर गाडी जन्मभर तिरकी चालते. म्हणून त्यानं आधी दोन जाड तुळयांचा ओटा केला, खाली पत्र्याचे तुकडे सरकवत तो लेव्हलला आणला, ओळंबे सोडले, आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही कर्ण मोजले. ते जुळेनात. पुन्हा मोजले, पुन्हा सरकवले. नोरीन कॉफी घेऊन आली तेव्हा हा पोटावर पालथा पडून दोरीकडे बघत होता. "आपल्या घराची एक भिंत इतकी सरळ नाही," ती म्हणाली, आणि कप त्याच्या डोक्याशी ठेवून गेली.

वेल्डिंगची मात्र त्याला काळजी नव्हती. वेल्डिंगला घरातच हॉलिस होता.

हॉलिस टॅकेट म्हणजे नोरीनचा बाप. उभं आयुष्य त्यानं पाइपलाइनवर काढलं. टेक्ससपासून अलास्कापर्यंत जमिनीखाली त्यानं जोडलेले सांधे आहेत आणि त्यातला एकही कधी गळला नाही, असं लोक म्हणत. तो स्वतः म्हणत नसे. मागच्या हिवाळ्यात त्याची बायको गेली आणि नोरीन त्याला आपल्याकडे घेऊन आली. मागच्या खोलीत त्याची सोय केली. दिवसभर तो पायरीवर बसून रेडिओ ऐकायचा. घरात आहे हे कळायचं ते खोकल्यावरून. जेवायला हाक मारली की यायचा, राजमा आणि मक्याचा पाव जेवायचा, थँक्यू म्हणायचा आणि पुन्हा पायरीवर. नोरीनला ते बघवत नव्हतं.

वेंडेलनं त्याला विचारलं, "पॉप, चासीचे सांधे तुम्ही जोडाल का? माझा हात तसा बराय, पण तुमच्यासमोर म्हणजे काय."

हॉलिसनं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "माझे हातमोजे कुठल्या खोक्यात आहेत, नोरीनला विचार."

त्या शनिवारी तो दाढी करून आला. कातडी हातमोजे, डोक्यावर काळ्या काचेचं शिरस्त्राण, हातात वेल्डिंगची कांडी. वेंडेलनं आडवा पाइप जागेवर धरला, गुण्या लावला, कच्चे टाके मारून दिले आणि बाजूला झाला. ठिणग्या उडाल्या, तो ओळखीचा तळणीसारखा आवाज झाला. हॉलिसचा हात कुठंही अडखळला नाही. त्यानं शिरस्त्राण वर केलं, हातोडीनं वरची खपली उडवली आणि मान वर करून विचारलं, "कसंय?"

वेंडेल वाकून बघायला गेला. वेल्डिंग सुंदर होतं. एकसारखं, घट्ट, पट्टी ठेवून ओढल्यासारखं सरळ. फक्त ते सांध्यावर नव्हतं. सांध्यापासून बोटभर बाजूला, नुसत्या पाइपच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सांधा आपला उघडाच होता. आणि हॉलिस उत्तराची वाट बघत होता, वेंडेलच्या तोंडाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून कुठंतरी मागं बघत.

"छान झालंय, पॉप," वेंडेल म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होता? पाइपलाइनवाल्यांची एक रीत होती आणि ती वेंडेलला हॉलिसनंच सांगितली होती, एकदा नव्हे, दहादा. तपासणीत कुणाचा सांधा नापास झाला तर त्याला कुणी शब्दानं बोलत नसे. तो माणूस आपली केबल गुंडाळायचा, डबा उचलायचा आणि चालू लागायचा. बाकीचे त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, त्याला जाताना कुणी बघू नये म्हणून. ही त्यांची सभ्यता. असल्या सभ्यतेत वाढलेल्या माणसाला "तुम्हाला दिसत नाही" हे तीन शब्द सांगायचे म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखंच, आणि हॉलिसला तर जायला दुसरं घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नोरीन चर्चमध्ये गाणाऱ्यांत होती, ती बापाला घेऊन लवकर निघायची. वेंडेल म्हणाला, माझं डोकं दुखतंय. त्या दोघांची गाडी वळली तसं त्यानं ग्राइंडर लावला, हॉलिसचं ते देखणं वेल्डिंग घासून सपाट केलं आणि सांधा स्वतः जोडला. काळा रंग मारला. त्यांचं चर्च सुटायच्या आत सगळं आवरून अंघोळ करून बसला.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. पुन्हा बोटभर बाजूला, पुन्हा "छान झालंय, पॉप," पुन्हा रविवारी डोकेदुखी. असं होता होता चासी आकाराला येऊ लागली. पुढच्या धुरीचे, म्हणजे अ‍ॅक्सलचे, कान बसले, इंजिनाच्या बैठका बसल्या, आणि गंमत म्हणजे या चोरट्या कामानं वेंडेलचा हात भलताच सुधारला. एरवी कुणालाही याचा आनंद झाला असता.

"देवाशी भांडण झालंय का तुझं?" नोरीननं विचारलं. "पाद्रीबाबा विचारत होते, तुझा नवरा जिवंत आहे ना म्हणून."

"डोकं दुखतं."

"रविवारचंच बरं दुखतं."

वेंडेलला आता घरात वेगळंच दिसू लागलं होतं. कॉफी ओतताना हॉलिस कपाच्या कडेत बोट घालायचा. माणसाशी बोलताना मान जरा वाकडी करायचा, कोपऱ्यातून बघितल्यासारखी. डोळ्याच्या कडांना दिसत होतं, मधलंच गेलं होतं. म्हणून तर तो घरभर न अडखळता हिंडायचा आणि कुणाला संशय येत नव्हता. एकदा वेंडेलनं हिय्या केला. नोरीन उशी झटकत होती. "नोरीन, तुझ्या डॅडींचे डोळे," त्यानं सुरुवात केली.

"हो ना!" ती लगेच वळली. "कसे चमकायला लागलेत हल्ली! काल स्वतःहून गाणं गुणगुणत होते. मी देवाला सांगितलं, त्या चासीनं माझा बाप मला परत दिला. मी तुला काय काय बोलले रे त्या गाडीवरून, ते सगळं मागे घेते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वेंडेलनं दुसरी उशी उचलून झटकायला घेतली.

चासी उभी राहतेय म्हटल्यावर आजूबाजूचे बघायला येणारच. एका संध्याकाळी चारसहा जण बियर घेऊन आले, ओट्याभोवती फिरले, कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी सांध्यांवरून हात फिरवला. व्हर्जिल तर खाली उताणा झोपला आणि तिथूनच ओरडला, "म्हातारबा, तुम्हाला मानलं! या वयात हा हात? सगळ्या काउंटीत असं वेल्डिंग नाही. शप्पथ!"

हॉलिस पायरीवर बसला होता. त्याचे कान लाल झाले. "जुनी सवय," तो म्हणाला.

वेंडेल हातातल्या बाटलीचं लेबल खरवडत उभा होता. कौतुक त्याचं चाललं होतं आणि त्याला ते नको होतं. निदान म्हातारा खूश आहे, एवढंच त्यानं मनाला सांगितलं. त्या कौतुकाला पुढं पाय फुटतील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मागची धुरी तेवढी राहिली होती. डेलॅनोच्या जुन्या गाड्यांच्या आवारात एका ठोकलेल्या गाडीची धुरी स्वस्तात मिळणार होती, पण स्वतः सोडवून न्यायची अट होती. त्या शनिवारी वेंडेल सकाळीच पिकअप घेऊन गेला. गंजलेले नटबोल्ट सोडवण्यात दिवस गेला, बोटं सोलली, आणि दिवेलागणीला घरी आला तर गाडीवाटेवर व्हर्जिलचा ट्रेलर उभा होता, वर बोट. त्यात नवल काही नव्हतं. व्हर्जिलचं अंगण अरुंद, तो ट्रेलर नेहमीच इथं आणून लावायचा.

हॉलिस पायरीवर होता. "चासीला आज हात लावला नाही मी," तो म्हणाला.

"बरं झालं, पॉप. विश्रांती घ्यायची," वेंडेल म्हणाला. त्याला खरंच हायसं वाटलं. उद्या खोटं डोकं दुखायला नको.

"व्हर्जिलचा ट्रेलर आहे तो. उद्या जेवण झाल्यावर नेणार आहे. त्याच्या आधी हलवू नको म्हणून बजावलंय मी त्याला."

"असू दे की. आपल्या काय वाटेत येतोय?"

हॉलिसनं मान त्याच्याकडे वळवली. "तू उद्या सकाळी घरीच ना? नेहमीसारखा?"

"बघू," वेंडेल म्हणाला आणि धुरी उतरवायला गेला.

रविवारी त्याला उशिरा जाग आली. नोरीन आणि हॉलिस गेलेले होते. गॅरेजमध्ये जाऊन त्यानं चासीभोवती एक फेरी मारली. घासायला काही नव्हतं, जोडायला काही नव्हतं. इतक्या रविवारांनंतर पहिल्यांदा त्याला मोकळं मोकळं वाटलं. म्हटलं, चला, आज बायकोला चकित करू. त्यानं टाय बांधला. बाहेर आला तर गाडीवाट रिकामी होती, ट्रेलर गेला होता. पिकअप काढायला बरं झालं असं म्हणून तो शीळ घालत निघाला.

प्रार्थना सुरू व्हायची होती. तो हॉलिसच्या शेजारी बाकावर सरकला.

"कोण?" हॉलिस म्हणाला.

"मी, पॉप."

हॉलिसनं मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. "तू इथं? इतक्यात झालंसुद्धा?"

"काय झालं?"

पुढच्या बाकावरून व्हर्जिलची बायको ओपल वळली. "अगंबाई, वेंडेल! आज चर्चचं छप्पर पडणार! तू आलास आणि आमचा पळाला. आत्ता अर्धा तास झाला, भावाला घेऊन बोट ओढत गेला इझाबेला तलावावर. मी म्हटलं, म्हातारबांनी दुपारपर्यंत थांबायला सांगितलंय ना? तर म्हणतो, मासे काय दुपारपर्यंत थांबतात?"

हॉलिसनं वेंडेलचं मनगट पकडलं. "ट्रेलरचा दांडा," तो कुजबुजला. "बघितलास ना तू?"

"कुठला दांडा?"

"पुढचा. गाडीला अडकवतात तो. कडीपाशी चिरला होता. मी काल जोडला."

वेंडेलच्या डोळ्यांसमोर सकाळची ती रिकामी गाडीवाट आली.

"मी मुद्दाम तो तुझ्या दारात ठेवून घेतला, पोरा. रात्रभर. मला वाटलं, रविवारी तू बघशील. नेहमी बघतोस तसं."

वर गाणाऱ्यांनी सूर धरला. सगळे उभे राहिले. वेंडेल बसलाच होता. त्याला वाटत होतं की आपण म्हाताऱ्याला सांभाळतोय. आणि म्हातारा सगळं जाणून होता, त्याच्या रविवारच्या चोरीवर हवाला ठेवून हा शनिवारी कांडी धरत होता. दोघांनी एकमेकांवर इतका भरवसा टाकला होता की मध्ये व्हर्जिल मरायला मोकळा राहिला. "उठा," वेंडेल म्हणाला. भर गाण्यात ते दोघं बाकांमधून बाहेर पडले. नोरीननं वरून त्यांना जाताना बघितलं. तिचं तोंड गातच होतं.

नदीच्या घळीतून तलावाकडे जाणारा रस्ता दोन गाड्यांपुरता. एका अंगाला कडा, एका अंगाला खाली कर्न नदी, आणि रविवारची सगळी गावं त्याच रस्त्यावर. वेंडेल जमेल तेवढी पिकअप दामटत होता. पुढं एक म्हातारं जोडपं निवांत चाललं होतं, ते काही वाट देईना. हॉर्न मारून मारून त्याचा हात दुखला.

"दिसतोय का?" हॉलिस म्हणाला.

"नाही."

वळण आलं. "आता?"

"नाही, पॉप."

थोड्या वेळानं वेंडेलनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारपासून. चर्चमधून आलो, रंग वाळला होता, अंगठा फिरवला. माझा हात मला कळत नाही होय? तुझं वेल्डिंग दाटीवाटीचं असतं आणि शेवटी तू घाई करतोस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

वेंडेलनं पुन्हा हॉर्न दाबला.

"मला शनिवार हवा होता रे," हॉलिस म्हणाला. "ती गेल्यापासून सगळे वार सारखेच. शनिवारी सकाळी जाग आली की आपल्याला कुठंतरी जायचंय असं वाटायचं. मी म्हटलं, पोरगा मागून करतोय, चांगलं करतोय, कुणाचं नुकसान नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष झालं. मधलं गेलंय, परत यायचं नाही. ते मी नोरीनला नाही सांगितलं, कुणालाच नाही."

"पण व्हर्जिलला नाही म्हणायचं होतं!"

"कसं म्हणू? सगळ्या काउंटीत असं वेल्डिंग नाही म्हणून गेला तो. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं." त्याचा आवाज फाटला. "पोरा, दिसतोय का?"

"नाही, पॉप. नाही दिसत." वेंडेलला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. त्याला त्या पहिल्या शनिवारी परत जायचं होतं, तिथंच उभं राहून, पॉप, बाजूला गेलंय हो, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढच्या जोडप्याची गाडीसुद्धा हलत नव्हती, मागे कुठून जाणार?

चढ सुरू झाला तिथं रांग लागलेली होती. सगळ्या गाड्या थांबलेल्या, लोक उतरून पुढं बघत होते. वेंडेलनं पिकअप कडेला लावली, हॉलिसच्या कोपराला धरलं आणि दोघं चालत वर निघाले.

व्हर्जिल जिवंत होता. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून पोलिसाला हातवारे करून काही सांगत होता. भाऊ दगडावर बसला होता. चढावर दांडा कडीपाशी तुटला होता, ट्रेलर उलटा घरंगळला होता. बोट खाली नदीत कुठं गेली ते दिसतही नव्हतं. मागून गाडी घेऊन येणाऱ्या बाईनं ट्रेलर चुकवायला गाडी कड्यावर घातली होती. गाडीचं तोंड चेपून पाणी गळत होतं. कड्याच्या सावलीत ती बाई बसलेली होती, कपाळाला टॉवेल धरून, टॉवेल भिजून लाल झालेला, दुसरा हात मांडीवर तसाच लुळा ठेवलेला. शेजारी पुढच्यामागच्या गाड्यांतले चारपाच जण पाणी, थर्मास घेऊन उभे होते. अँब्युलन्स निघालीय असं कुणीतरी म्हणालं.

"अरे तुम्ही कसे इकडे?" व्हर्जिल धावत आला. त्याला दरदरून घाम फुटला होता. "म्हातारबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. मी साहेबांना आधीच सांगितलंय, दांडा यांनी जोडलाय म्हणजे तो तुटणार नाही. खड्डा होता खाली. एवढा मोठा. सरकारला रस्ते नीट ठेवता येत नाहीत."

"कुणी जोडला म्हणालात?" पोलिसानं विचारलं.

"मी," वेंडेल म्हणाला. तो शब्द तोंडातून कसा आला त्याचं त्यालाच कळलं नाही. "मी जोडला होता, साहेब."

"तू कुठला?" व्हर्जिल हसला. "तू तर डेलॅनोला होतास."

"गप्प बस, वेंडेल," हॉलिस म्हणाला. तो व्हर्जिलच्या गाडीच्या मागच्या बाजूला हातानं चाचपत गेला, गुडघ्यावर बसला. तुटलेला तुकडा अजून कडीत अडकलेला होता. त्यानं हातमोजा नसलेला अंगठा त्याच्यावरून हळूहळू नेला. एकदा गेला, एकदा परत आला.

"इकडं या, साहेब," तो म्हणाला. "ही चीर. आणि हे माझं वेल्डिंग. बोटभर बाजूला. चिरेला मी शिवलोसुद्धा नाही."

व्हर्जिल वाकला. वाकलेलाच राहिला. "म्हातारबा, चेष्टा करताय," तो म्हणाला. "ती चासी बघितलीय मी. मी झोपून बघितलीय!"

"ती याची आहे. सगळी. मला दिसत नाही, व्हर्जिल. वर्ष झालं."

पोलिसानं टोपी मागे सारली. व्हर्जिलनं एकदा हॉलिसकडे, एकदा वेंडेलकडे बघितलं, आणि त्याच्या लाल तोंडावरचा रंग उतरत गेला. वेंडेलला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. राग हॉलिसवर नव्हता, वेंडेलवर होता, आणि बरोबर होता.

हॉलिस उठला. "कुणाला लागलंय का?"

"त्या बाईंना," पोलिसानं बोटानं दाखवलं.

त्या बोटाचा हॉलिसला काय उपयोग? तरी तो त्या दिशेनं निघाला, ताठ, चर्चला घातलेल्या कोटात. डोळ्यांच्या कडांनी त्यानं माणसं हेरली आणि नीट चालत जाऊन एका बाईसमोर उभा राहिला. ती थर्मास घेऊन उभी असलेली, तीन गाड्या मागची, तिचा या कशाशी काही संबंध नव्हता. हॉलिसनं टोपी काढली.

"बाईसाहेब, माझं नाव हॉलिस टॅकेट," तो म्हणाला. "तो दांडा मी जोडला. मला डोळ्यांनी दिसत नाही आणि ते मला माहीत होतं, तरी मी काम घेतलं, कारण मला दिसत नाही हे सांगायची लाज वाटली. तुम्हाला माझ्यामुळे लागलं. मी पाइपलाइनवर होतो. माझा एक सांधा कधी गळला नाही. हे सांगायचं कारण नाही, पण सांगितलं. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हवं ते म्हणा."

बाई गोरीमोरी झाली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग वेंडेलकडे, मदतीसाठी. "असू द्या हो," ती हळूच म्हणाली. "असू द्या. होतं असं."

हॉलिसचे खांदे खाली आले. त्यानं मान हलवली. तो टोपी घालू लागला. दोन पावलांवर, खाली, ती दुसरी बाई टॉवेलाआडून एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांवर काहीच नव्हतं, ना राग, ना माफी.

सगळे वेंडेलकडे बघत होते. एवढं होऊन गेलं होतं; आता इथंच थांबू दिलं तर म्हाताऱ्याला कधी कळणारही नव्हतं. चांगलं वाटून घरी गेला असता. वेंडेलनं एक पाऊल पुढं टाकलं.

"पॉप," तो म्हणाला. "त्या नव्हेत."

हॉलिस थांबला.

"ज्यांना लागलंय त्या इकडं आहेत. तुमच्या उजव्या हाताला. खाली बसल्यात."

हॉलिसचे कान, मान, सगळं लाल होत गेलं. टोपी अर्ध्यात राहिली होती, ती त्यानं परत काढली. उजवीकडे वळला, पायानं जमीन चाचपत पुढं सरकला, आणि ती नेमकी कुठं बसलीय याचा अंदाज घेत, त्या बाईच्या डोक्यावरून कड्याकडे बघत, त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

"बाईसाहेब, माझं नाव हॉलिस टॅकेट."